विश्लेषण : राजूरला रेल्वे येणार, पण जालन्याच्या जुन्या स्थानकांची नोंद कधी होणार?

राजूरच्या गणपतीला रेल्वेने यायचे तर उतरायचे जालन्याला. तिथून पुढचे सुमारे २५ किलोमीटर एसटीने किंवा जीपने, आणि अंगारकी चतुर्थी असेल तर असंख्य भाविकांप्रमाणे पायी. भोकरदन तालुक्यातील या गावात अजून रूळ पोहोचलेले नाहीत. तरी गेली सव्वाशे वर्षे राजूरचे स्थानक म्हणजे जालनाच. जालना-जळगाव या नव्या रेल्वेमार्गामुळे हे चित्र बदलणार आहे. नवे स्थानक गावापासून किती लांब असेल, कोणाची जमीन जाईल, मोबदला किती मिळेल, याची चर्चा होणे स्वाभाविक आहे. पण त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. निजामाच्या राज्यात बांधलेल्या जालन्याच्या रेल्वेमार्गावरची जुनी स्थानके आज किती उरली आहेत? जालन्यासारख्या स्थानकांचा पुनर्विकास होत असताना त्यांची नोंद आधी व्हायला नको का? पाडलेली इमारत परत उभी करता येते, पण तिचे मोजमाप पाडल्यानंतर घेता येत नाही.

जालना-जळगाव मार्ग काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये रेल्वेच्या आठ प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यात १७४ किलोमीटर लांबीचा जालना-जळगाव मार्ग आहे. त्याचा अंदाजित खर्च ७,१०६ कोटी रुपये असून राज्य सरकारने खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याचे त्याआधीच मान्य केले होते. जालन्याहून निघणारा हा मार्ग राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा जळगावकडे जाणार आहे. म्हणजे राजूरचा गणपती आणि अजिंठ्याची लेणी एकाच रुळावर येतील. मनमाड आणि हैदराबाद यांच्यादरम्यान धावणारी अजिंठा एक्स्प्रेस मराठवाड्यात पिढ्यान् पिढ्या सर्वांना माहीत आहे. मात्र ती कधीच अजिंठ्याला जात नाही. नव्या मार्गामुळे अजिंठ्याचे नाव आणि रेल्वे यांची खरी गाठ पडेल.

या मार्गाला इतिहासाचाही एक अर्थ आहे. जळगाव हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, म्हणजे ब्रिटिश मुलखातील जीआयपीचे स्थानक. तिथे ब्रॉडगेज रूळ १८६० च्या दशकात आले. जालना हे निजामाच्या राज्यातील मीटरगेज मार्गावरचे स्थानक. अजिंठ्याचा डोंगर या दोन रेल्वेंमध्ये उभा होता. डोंगराच्या उत्तरेला एक राज्य, एक कंपनी, एक गेज, दक्षिणेला दुसरे. राजूरहून जाणारा मार्ग ही दोन टोके पहिल्यांदाच थेट जोडणार आहे. म्हणूनच दोन्ही टोकांना काय होते, हे समजून घेण्याची वेळ आताची आहे.

जालन्यात रेल्वे कोणी आणली?

मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, १९०० च्या सुमारास तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांतील अंतर एक मीटर. मनमाडला जीआयपीचा ब्रॉडगेज मार्ग, रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे मुंबईहून जालन्याला येणाऱ्या प्रवाशाला मनमाडला गाडी बदलावी लागे आणि मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावी लागत. आधी बैलगाडीने जाणारा कापूस आणि धान्य रेल्वेने जाऊ लागले, आणि स्थानकाच्या दिशेने नवे जालना वाढत गेले.

हे स्थानक दुसऱ्या राज्यातले होते, हे आज सहज विसरले जाते. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते, त्याला हाली सिक्का म्हणत. स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. मनमाडकडून येणारा प्रवासी रेल्वेने केवळ जिल्हा ओलांडत नसे, तो राज्य ओलांडत असे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात सीमेलगतच्या मनमाडला महत्त्व आले तेही यामुळेच. जुन्या स्थानकाच्या आवारातील एखादी वेगळी खोली किंवा बंद केलेले दार कशासाठी असेल, हा प्रश्न पडायलाही ही पार्श्वभूमी माहीत असावी लागते.

या मार्गाचे मालकही बदलत गेले. १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि हा मार्ग तिच्याकडे आला. नांदेड विभाग २००३ मध्ये झाला. एका शतकात इतके हात बदलले की त्याबरोबर कागदही विखुरतात. जुन्या इमारतींचा शोध अवघड होतो, त्याचे हे पहिले कारण.

जुनी स्थानके कशी नाहीशी होतात?

जुने स्थानक एका दिवसात क्वचितच पडते. ते टप्प्याटप्प्याने नाहीसे होते. पहिला मोठा टप्पा गेज बदलाचा. देशभर एकच गेज करण्याचे धोरण १९९२ मध्ये आले आणि त्याच दशकात मनमाड ते परभणी हा मार्ग ब्रॉडगेज झाला. मराठवाड्याला हा बदल हवाच होता. त्यासाठी अनेक वर्षे आंदोलने झाली, कारण मीटरगेजमुळे मराठवाडा मुंबईच्या थेट गाड्यांपासून दूर राहिला होता. पण गेज बदलले की फक्त रूळ बदलत नाहीत. फलाट उंच आणि लांब होतात, यार्डाची रचना बदलते, वळणे सरळ होतात. जुनी इमारत कधी फलाटाच्या मानाने खाली पडते, कधी रुळापासून लांब राहते.

दुसरा टप्पा सिग्नलचा. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी टोकन पद्धत होती. स्टेशन मास्तर यंत्रातून लोखंडी गोळा काढायचा, तो वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतून चालकाला दिला जायचा. तो हातात नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही, असा नियम. सिग्नल यंत्रणा बदलत गेली, तशी या यंत्रांची खोली आणि सिग्नल केबिन ओस पडली. वाफेची इंजिने गेली, तशा पाण्याच्या टाक्या, उंच नळखांब आणि विहिरी बिनकामाच्या झाल्या.

तिसरा टप्पा आत्ताचा. अमृत भारत स्थानक योजनेत देशातील १,३०० हून अधिक स्थानकांचा पुनर्विकास होणार असून त्यांपैकी १३२ महाराष्ट्रात आहेत. जालना त्यात आहे. मे २०२५ मध्ये या योजनेतील १०३ स्थानकांचे उद्घाटन झाले, त्यांतील १५ महाराष्ट्रातील होती. सरकते जिने, लिफ्ट, रुंद पादचारी पूल, प्रशस्त प्रतीक्षालय, स्वच्छतागृहे ही कामे गरजेची आहेत. अडचण एवढीच की पुनर्विकासाच्या आराखड्यात नवे काय येणार ते ठळक दिसते, जुने काय जाणार ते दिसत नाही.

जुनी इमारत ओळखायची कशी?

ही शोधमोहीम तज्ज्ञांपुरती नाही. बदनापूर, जालना, रांजणी, परतूर या मार्गावर रोज प्रवास करणारा कोणीही ती करू शकतो. मात्र कुठे पाहायचे ते ठाऊक हवे. पहिली खूण भिंतीची. काळ्या दगडाच्या जाड भिंती, दगडांच्या सांध्यांत सिमेंटऐवजी चुना, दारे-खिडक्यांवर कमानी, उंच छत आणि त्याजवळ हवेसाठी ठेवलेले झरोके, ही जुन्या बांधकामाची लक्षणे. वरून कितीही रंग चढवला तरी भिंतीची जाडी खिडकीच्या कडेला दिसतेच.

दुसरी खूण जोत्याची. फलाटावरून इमारतीत जाताना पायऱ्या उतराव्या लागल्या, तर इमारत आधीची आणि फलाट नंतर उंच केलेला, असे समजायला हरकत नाही. तिसरी खूण छपराच्या खांबांची. जुन्या काळी काढलेले रूळ फेकून देत नसत. छपराला टेकू म्हणून, कुंपणाला, तारेच्या खांबांना ते वापरले जात. अशा रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव, वजन आणि वर्ष ठशात उठवलेले असते. रंगाचे थर असले तरी तिरप्या उजेडात अक्षरे वाचता येतात. मात्र एक काळजी घ्यावी. रुळावरचे वर्ष हे रूळ बनवल्याचे वर्ष, इमारत बांधल्याचे नव्हे. इमारत त्याआधीची असू शकते, पण तो खांब त्यानंतरचाच.

चौथी खूण आवाराची. मुख्य इमारत गेली असली तरी तिची भावंडे उरलेली असतात. मालधक्का, स्टेशन मास्तरचे घर, गँगमनच्या खोल्यांची रांग, दगडी टाकीचे चौथरे, बांधीव विहीर, रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा, जुने वडाचे किंवा कडुनिंबाचे झाड. अनेकदा मुख्य इमारतीपेक्षा ही बाजूची बांधकामेच मूळ स्वरूपात राहिलेली असतात, कारण त्यांच्या दुरुस्तीवर कोणी खर्च केलेला नसतो.

पाचवी खूण नावांची. लातूरमध्ये 'सिग्नल कॅम्प' आणि 'जुनी रेल्वे लाइन' हे आजही पत्ते आहेत. शहरातून जाणारा नॅरोगेज मार्ग गेला, नावे राहिली. स्थानकाच्या नावामागे 'रोड' असेल, तर मूळ गाव स्थानकापासून लांब आहे आणि स्थानक त्या गावाच्या रस्त्यावर आहे, असा अर्थ होतो. नाशिक रोड, लातूर रोड ही उदाहरणे. आजचे कुर्डुवाडी पूर्वी बार्शी रोड म्हणून ओळखले जाई. जुन्या वेळापत्रकात कुर्डुवाडी शोधणाऱ्याची निराशा होते ती यामुळे.

एक इशारा आवश्यक आहे. चालू रुळावर विनापरवानगी जाणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. पाहणी फलाटावरून आणि सार्वजनिक रस्त्यावरून करावी, छायाचित्रे स्टेशन मास्तरांना विचारून घ्यावीत. पडीक इमारतीत शिरू नये.

कागद कुठे सापडतात?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड हे तालुके तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून आले, तर परतूर परभणीतून. त्यामुळे जालन्याच्या स्थानकाचा संदर्भ जुन्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये शोधायचा आणि परतूरचा परभणीच्या. त्याआधीच्या काळासाठी १९०९ चा हैदराबाद संस्थानावरील इम्पीरियल गॅझेटिअरचा खंड उपयोगी पडतो. राज्याच्या गॅझेटिअर विभागाचे अनेक खंड इंटरनेटवर वाचता येतात.

नकाशांचीही मदत होते. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांत रेल्वेमार्ग, गेज आणि स्थानके दिसतात. तो नकाशा मोबाइलवरच्या उपग्रह छायाचित्राशेजारी ठेवला की स्थानक जागेवर आहे की सरकले आहे, हे बरेचसे कळते. शेतातून जाणारी झाडांची सरळ रेघ, अर्धवट उरलेला भराव, रस्त्याला अचानक आलेले अर्धगोल वळण या जुन्या मार्गाच्या खाणाखुणा वरून चांगल्या दिसतात.

सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र छापलेला नसतो. निवृत्त स्टेशन मास्तर, गँगमन, हमाल, स्थानकासमोरचा जुना चहावाला यांच्या आठवणी आणि घरातले फोटो यांतून जे मिळते, ते कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. मीटरगेज बंद होऊन तीस वर्षे झाली. तेव्हा नोकरीत असलेले बहुतेक जण आता निवृत्त आहेत. दगड आणखी पन्नास वर्षे थांबू शकतो, या आठवणी थांबणार नाहीत.

राज्यात इतरत्र काय झाले?

विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज 'शकुंतला' गाडी धावत असे. यवतमाळ-मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा टप्पा १९०३ चा, तर मूर्तिजापूर-अचलपूर हा ७७ किलोमीटरचा टप्पा १९१३ चा. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली. गेली काही वर्षे गाडी बंद आहे. दारव्हा, कारंजा अशा स्थानकांत गाडी येत नाही, म्हणून देखभाल नाही. देखभाल नाही, म्हणून पडझड. इथे इमारत पाडण्याचा निर्णय कोणी घेत नाही, तरी ती जाते. आणि याच मार्गाचे जंक्शन असलेले मूर्तिजापूर मे २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या पंधरा स्थानकांत आहे. एकाच गावात एका फलाटावर पुनर्विकास आणि दुसऱ्या बाजूला विस्मरण.

बार्शी लाइट रेल्वे हे दुसरे उदाहरण. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू केलेली ही ७६२ मिलिमीटर गेजची रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. कमी रुंदीच्या रुळावर जड माल कसा न्यायचा, याचे धडे जगातील इतर रेल्वेंनी तिच्याकडून घेतले. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला. लातूरकरांना मुंबईची थेट गाडी मिळाली, हा मोठा फायदा. पण वारकऱ्यांना पंढरपूरला नेणाऱ्या त्या छोट्या गाडीची स्थानके कशी होती, हे पुढच्या पिढीला दाखवायचे तर सुट्या छायाचित्रांवर भागवावे लागते.

अकोला-खांडवा मीटरगेज मार्गाची गोष्ट वेगळी आहे. अकोटपुढचा त्याचा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असे. ब्रॉडगेज करताना मार्ग प्रकल्पाबाहेरून वळवण्याचा निर्णय झाला. वाघांसाठी तो योग्यच. परंतु वान रोड, धुळघाट ही जंगलातली स्थानके त्यामुळे रेल्वेच्या नकाशाबाहेर गेली. हा मार्ग पूर्ण झाला तो स्वातंत्र्यानंतर. म्हणजे 'जुने' या शब्दात फक्त ब्रिटिश किंवा निजामकाळ मोजला, तर अशी स्थानके कोणत्याच यादीत येणार नाहीत.

उलट उदाहरणही आहे. मुंबईतील भायखळा स्थानकाची दगडी इमारत १८५७ ची. रोज लाखोंची वर्दळ सुरू ठेवून तिचे जतन करण्यात आले आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत तिचा गौरव झाला. जालन्यातून जाणाऱ्या याच मार्गाच्या हैदराबादकडील टोकाला काचीगुडा स्थानकाची १९१६ ची इमारत आजही वापरात आहे. जुनी इमारत आणि चालू स्थानक एकत्र नांदू शकत नाहीत, हा समज या दोन्ही ठिकाणी खोटा ठरला आहे.

कायदा वाचवेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. केंद्रीय पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित स्मारक व्हायचे तर वास्तू किमान शंभर वर्षांची हवी. ती अट जालना मार्गावरील मूळ इमारती पूर्ण करतील. पण अडचण पुढे आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते. चालू स्थानकात हे लागू केले तर नवा पादचारी पूलही अडेल. म्हणून असा दर्जा कोणी मागत नाही, आणि मागू नयेही.

नगरपालिकेची वारसा यादी हा दुसरा मार्ग वाटतो. मात्र रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ११ नुसार रेल्वे प्रशासनाला इतर कायद्यांत काहीही असले तरी आपली आवश्यक बांधकामे करण्याचे आणि बदलण्याचे अधिकार आहेत. स्थानिक संस्थेची यादी त्यामुळे विनंतीपुरती उरते. राहिली रेल्वेची स्वतःची वारसा दृष्टी. ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या इमारतींपर्यंत आणि माथेरानसारख्या डोंगरी गाड्यांपर्यंत पोहोचते. जागतिक वारसा यादीत २००४ मध्ये गेलेल्या टर्मिनसला कोणी विसरणार नाही. बदनापूर किंवा रांजणीसारखी स्थानके त्या उजेडात येत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये पेनसिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत १९६३ मध्ये पाडायला घेतली, तेव्हा लोक हळहळले आणि १९६५ मध्ये त्या शहरात वारसा इमारतींचा कायदा झाला. मोठी इमारत जाताना निदान आवाज होतो. लहान स्थानक जाते तेव्हा आवाजही होत नाही. म्हणून लहान स्थानकांसाठी कायद्यापेक्षा नोंद हेच खरे हत्यार आहे.

प्रवाशांची सोय महत्त्वाची की जुने दगड?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. उन्हाळ्यात फलाटावर सावली नसते, महिलांसाठी स्वच्छ शौचालय नसते, गुडघेदुखीच्या माणसाला पूल चढवत नाही. अशा प्रवाशाला कमानींचे कौतुक सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. मराठवाड्याने तर रेल्वेसाठी फार वाट पाहिली आहे. दुहेरीकरण, विद्युतीकरण, नव्या गाड्या यांतले काहीही जुन्या भिंतीसाठी अडू नये.

पण सोय की जतन, अशी निवड करण्याची वेळ फार थोड्या ठिकाणी येते. लिफ्ट आणि पूल फलाटावर लागतात, नवे प्रतीक्षालय मोकळ्या जागेत होते. जुनी इमारत बहुधा त्या कामात आड येत नाही, आराखडा करणाऱ्याला ती कोरी पाटी करणे सोपे वाटते एवढेच. जाड दगडी भिंतींची खोली मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडपेक्षा थंड राहते. पार्सल ऑफिस, वाचनालय, बचत गटाचे विक्री केंद्र, यांपैकी काहीही तिथे चालू शकते.

आणि सगळेच राखायचे, असा आग्रहही चुकीचा. काही इमारती इतक्या बदलल्या आहेत की मूळ काही उरलेले नाही, काही धोकादायक आहेत. त्या पाडाव्या लागतील. मुद्दा आहे तो काय पाडतो आहोत हे माहीत असण्याचा. मोजमापे, नकाशा, छायाचित्रे आणि चार माणसांच्या आठवणी आधी नोंदवल्या असतील, तर पाडण्याचा निर्णयही जबाबदारीचा ठरतो.

काय करता येईल?

सर्वांत साधी सुधारणा निविदेत आहे. पन्नास वर्षांहून जुनी कोणतीही स्थानक इमारत पाडण्याआधी किंवा तिचे दर्शनी रूप बदलण्याआधी मोजमाप आराखडा आणि छायाचित्रे जमा करावीत, अशी एक अट कंत्राटात घालावी. कोट्यवधींच्या कामात या कामाचा खर्च जाणवणारही नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, विभागीय स्तरावरील निर्णय पुरेसा आहे. लोकप्रतिनिधींनी नव्या गाड्यांच्या मागणीबरोबर ही एक ओळ मागणीपत्रात घालायला हरकत नाही.

दुसरे काम महाविद्यालयांचे. इतिहास, स्थापत्य आणि वास्तुकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवे असतात. जिल्ह्यातील एकेक स्थानक एकेका गटाला देता येईल. प्रत्येक स्थानकासाठी एक पान पुरते. स्थानकाचे आजचे आणि जुने नाव, जागा बदलली का, मूळ इमारतीचे काय उरले, आवारात आणखी काय आहे, रुळांवरची वर्षे कोणती, कोणाशी बोलणे झाले आणि ते काय म्हणाले. पुढे चार प्रकारांत नोंद करावी. वापरात असलेली, वापर बदललेली, पडीक, आणि इमारत नसली तरी खुणा असलेली. चौथा प्रकार गाळू नये, कारण सर्वाधिक नोंदी त्याच प्रकारात मिळण्याची शक्यता असते.

तिसरे काम मार्गाच्या दुसऱ्या टोकाचे. जळगाव जिल्ह्यात पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची शंभर वर्षे जुनी नॅरोगेज रेल्वे होती. तिच्यावरचे पहूर हे एकेकाळी अजिंठ्याला जाणाऱ्यांसाठी सोयीचे स्थानक. त्या मार्गाचेही ब्रॉडगेजमध्ये रूपांतर ठरले आहे. जालना आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांनी एकाच नमुन्यात नोंदी केल्या, तर अजिंठ्याच्या डोंगराच्या दोन बाजूंना रेल्वे कशी वेगवेगळी वाढली, याचे पहिले पूर्ण चित्र तयार होईल.

राहिले राजूर. इथे पाडायला जुने स्थानक नाही, बांधायला नवे आहे. गावाने नव्या स्थानकात दोन गोष्टी मागाव्यात. पायी येणाऱ्या भाविकांची अंगारकीची गर्दी लक्षात घेऊन सावली, पाणी आणि स्वच्छतागृहे. आणि एका भिंतीवर जालना मार्गावरील जुन्या स्थानकांची नोंद, नकाशासह. नव्या मार्गाची पहिली गाडी येईल तेव्हा राजूरचा माणूस जालन्याला न उतरता थेट गावात उतरेल. ज्या स्थानकाने त्याला सव्वाशे वर्षे उतरवून घेतले, त्याचे मोजमाप घ्यायचे काम त्या गाडीच्या आधी झाले पाहिजे.